झाकणावरचं गाव

ते गाव मी पाहिलेलं नाही.
इतवारीत ताहेरभाईच्या माळ्यावर
पुठ्ठ्याचे एकशे बारा डबे आहेत,
आणि दर झाकणावर ते छापलंय:
नदी, पूल, दोन चिमण्या,
कांद्यासारख्या घुमटाचं चर्च.
आत काळे मणी. मंगळसूत्राचे, बारीक नंबर.

मी पटव्याचा पोरगा. मोजणं माझं काम.
म्हणून आधी पुलाच्या कमानी मोजल्या.
सात.

सगळ्यात जुन्या झाकणावर गरुड, दोन तोंडांचा,
अक्षरं बाभळीच्या फांदीसारखी काटेरी.
मग बरीच वर्षं डबाच नाही.
कुर्बानहुसेन शेठच्या वहीत एवढंच:
माल नाही. विलायतेत लढाई.
मग सिंह आला, दोन शेपट्यांचा.
गाव जागचं हललं नव्हतं,
देश तेवढा बदलून आला.

फाइलीत एक पत्र आहे, फेब्रुवारीचं.
इथं पोचेस्तोवर एप्रिल लागलेला,
वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होते.
नदी गोठली आहे, असं लिहिलंय,
मणी घासायचं चाक बंद, माल उशिरा येईल.
शेठनं मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा
ओट्यावर मणी ओवत बसलेली सगुणा पटवीण म्हणाली,
नदी थांबली त मासे कोठं गेले बाप्पा?
दुकान हसलं. शेठ नाही हसले.
पुढच्या ऑर्डरीच्या खाली
त्यांनी तो प्रश्न इंग्रजीत लिहून पाठवला.

उत्तरही फाइलीत आहे. दरपत्रकाच्या शेवटी, शाईनं:
खाली असतात. वाट पाहतात.
सही एमिल. पहिल्या अक्षराला
माशासारखी शेपटी.

दुसऱ्या लढाईनंतरच्या झाकणावर
कमानी सहा. सातव्या जागी
आडव्याउभ्या रेघा, लाकडाच्या.
चित्रकार प्रामाणिक असला पाहिजे.
सही दुसरी. सरळ, बिनशेपटीची.
त्या गावातली अर्धी माणसं
एका उन्हाळ्यात गाड्यांत बसवून हद्दीपार धाडली,
बोली वेगळी होती म्हणून,
हे मी फार नंतर कुठंतरी वाचलं.
शेठनं तेव्हा विचारलं होतं,
एमिलसाहेब कसे आहेत?
उत्तरात दर आले.
दर डझनाला, दर ग्रोसला.

मग सिंहाच्या डोक्यावर तारा.
चिमण्या तीन. चर्च चौकटीबाहेर गेलं,
किंवा चौकटच सरकली.
मग तारा गेला, मग देशाचं अर्धं नाव गेलं,
आणि शेवटच्या डब्यावर चित्रच नाही,
काळ्या रेघांचा एक पट्टा.
मशीन तो वाचतं. मला येत नाही.

सगुणाबाईचा नवरा गेला
तेव्हा मी सात-आठ वर्षांचा.
तिनं आयुष्यभर ओवलेले तेच मणी
तिच्या गळ्यातून तोडले,
आणि नाग नदीच्या पायऱ्यांवर झाडूनं लोटले.
तेव्हा पायऱ्या होत्या. पाणी दिसायचं.
आता पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात
आणि नाला म्हणतात.

काच म्हणजे वाळूच.
म्हणजे त्या नदीची वाळू असेल कदाचित,
आमच्या नदीत पडलेली.
इथून कन्हान, तिथून वैनगंगा,
मग गोदावरी, मग समुद्र.
किती मणी पोचले, कुणी मोजलं नाही.
मीसुद्धा नाही.

ताहेरभाई दुकान विकतोय.
डबे रद्दीत जातील, म्हणाला, तुला हवं ते घे.
मी एक झाकण घेतलं, सात कमानींचं.
रात्री दिव्याखाली धरून पाहिलं.
चर्चचा घड्याळकाटासुद्धा काढलाय, सव्वानऊ.
नदीचं नाव मात्र कुठंच नाही.
पुलाखाली नुसत्या चार वळणदार रेघा,
आणि त्यांच्या खाली
काहीच न छापलेली जागा, बोटभर.